तुझ्या वाटणीचे काजू

आये, तू मला ओळखलंस तरी पुष्कळ झालं. डोक्यावर पाटी घेऊन तीच पाटी अंगणभर शोधणारी बाई तू. लेकीला माझ्या नावाने हाक मारायचीस आणि मला म्हशीच्या. तिकडे तुला आठवण करून द्यायला कोण बसलंय? म्हणून आधीच सांगते, मी तुझी सून. एकच होते, तेव्हा घोटाळ्याला जागा नाही. मला अजून लिहिता येत नाही. हे माझी सून लिहिते आहे. रत्नागिरीची आहे, शिकलेली आहे, आणि सासूला अगं-तुगं चाललंय म्हणून तिने आत्ताच एकदा पेन थांबवलं. तिला म्हटलं, जित्या सासूला अहो-जाहो करायचं, ते माझं करून झालं. तू गेलीस तेव्हा जेवढी होतीस त्याच्यापुढे माझं वय कधीच गेलं. आता धाकटीला कोण अहो म्हणतं? लिही गो, बोलते तसं लिही.

तुझी पणती यंदा शाळेत जायला लागली. तिच्यावरून हा सगळा विषय, पण तो कळायचा तर तिच्या उष्टावणापासून सांगायला हवं. उष्टावणाची आपल्या घरची रीत तूच घातलेली. पोराच्या जिभेला पहिली चव आपल्या जमिनीची लागायला हवी, म्हणून आपल्या शेतातला तांदूळ, आपल्या माडाचा नारळ आणि परसातल्या काजूचे गर वाटून केलेली खीर. माझ्या पोरांना तूच भरवलीस. स्वतः मात्र कधी चाखायची नाहीस. देवाला दाखवायचं ते चाखू नये म्हणायचीस, आणि देवाला दाखवून झालं की चाखायचं विसरायचीस. आम्हाला वाटायचं, म्हातारीच्या डोक्यात काही राहत नाही.

नातीच्या उष्टावणाचा दिवस, शिमगा होऊन गेलेला, बियांचा मोसम. माझ्या मुलाला मुंबईहून परत यायला रजा मिळाली नाही, पण पोरीचा मामा रत्नागिरीच्या गाडीने सकाळी आला. मी चुलीपाशी बसले आहे. शेजारी पाटा, पाट्यावर काजूगर, आणि माझे हात हे असे काळे. आठवडाभर बिया भाजून फोडत होते. टरफलातलं तेल हाताला लागलं की काय होतं ते तुला सांगायला नको, तुझ्या बोटांची सालपटं मीच काढलेली आहेत. राखेने घासघासून हात धुतले, तरी काळं ते काळंच. सून एकदा हातांकडे बघते आणि काही बोलत नाही. शिकलेल्या सुनेचं न बोलणं तुला भोगावं लागलं नाही, तू सुटलीस.

मामाने अंगठीने पहिला घास चाटवला. पोरीने मिटक्या मारल्या, सगळे हसले. दुसरं बोट माझं. तिसरं तुझ्या मुलाचं व्हायचं होतं, तेवढ्यात पोर मुठीने तोंड चोळायला लागली. मग रडायला लागली. खालचा ओठ बघता बघता सुजला, भिजल्या वालासारखा. शेजारीण म्हणाली दृष्ट लागली, मीठमोहऱ्या आणा. मी म्हटलं दृष्ट नव्हे, हे माझ्या हाताचं तेल. आमच्या गावात कुणाचा ओठ सुजला की दुसरं काही मनात येतच नाही. दरवर्षी एखादं पोर भाजलेली बी न फोडता दातांनी चावतं आणि तोंड भाजून घेतं, त्यावर तू खोबरेल लावायचीस, मीही तेच लावते. मी खोबरेल तेल आणलं, पोरीच्या ओठांना लावलं, आणि सगळ्यांना सांगितलं की आता गप बसा, उतरेल. माझी खात्री होती. चाळीस माणसांची तोंडं मी अशी बरी केली असतील. सून पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. तिने झबलं वर केलं आणि मला म्हणाली,

"आई, पोटावर तर कोणी बोट लावलं नाही ना?"

पोटावर गांधी उठल्या होत्या. पाठीवर, मांड्यांवर, जिथे माझा हात पोचला नव्हता तिथे सगळीकडे. आणि रडताना आवाज बसत चालला होता, कोंबडीच्या पिल्लासारखा. खोबरेलाची वाटी माझ्या हातातच राहिली. त्या घटकेला मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगू? वाटलं, म्हणजे माझे हात नव्हेत. पोर धापा टाकत होती आणि मला हे वाटलं. माणूस कशाला बरं वाटून घेईल सांगता येत नाही.

रस्त्यावर लांज्याला जाणारा टेम्पो उभा होता. मामाने ड्रायव्हरला हाताला धरून उठवलं. मागे काजूच्या बियांची पोती, पुढे आम्ही दोघी पोरीला घेऊन, आणि मामा पोत्यांवर. काजूनेच आणलेलं संकट काजूच्याच गाडीतून डॉक्टरकडे चाललं होतं. तू असतीस तर हसली असतीस. आम्ही हसलो नाही. सून पोरीच्या तोंडाला कान लावून बसली होती. चढावर गाडीचा आवाज वाढला की तिला श्वास ऐकू येईना, मग ती पोरीच्या छातीवर हात ठेवायची. मी रस्त्याकडे बघत होते. दोघींनी बघून श्वास जास्त येतो असं थोडंच आहे.

डॉक्टरने आधी सुई टोचली आणि मग विचारलं, काय दिलं होतं. ह्याचं मला बरं वाटलं. आमच्यात आधी विचारतात, मग दोष कोणाचा ते ठरवतात आणि मग औषध शोधतात. थोड्या वेळाने पोरीचा आवाज मोकळा झाला, रडणं नीट ऐकू यायला लागलं. इतकं गोड रडणं मी ऐकलेलं नाही. डॉक्टरने संध्याकाळपर्यंत आम्हाला बाकावर बसवून ठेवलं, मधूनमधून येऊन पोरीची पाठ बघायचा. जाताना म्हणाला, "हिला काजू द्यायचा नाही. चिमूट नाही, वाटलेला नाही, काजूचा हात लागलेलं भांडं नाही. पुन्हा झालं तर एवढ्यावर भागेल असं मी सांगत नाही." मी म्हटलं, काजूच्या गावात राहतो हो आम्ही. तो म्हणाला, मग जास्त जपा. आणि त्याने विचारलं, घरात आणखी कोणाला काजू बाधतो का, तोंडाला खाज येते, घसा धरतो, असं काही?

मी नाही म्हणणार, तेवढ्यात सून म्हणाली, "यांना. यांचा घसा खवखवतो काजूने. कधीच खात नाहीत."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मग आजी, म्हणाला, तुम्हीही बंद. आणि मी मान हलवली.

आता आये, तू नीट बस. मी लग्न होऊन आले तेव्हा न्हातीधुती झाले नव्हते, तुला आठवत नसेल. दुपारी बिया फोडून झाल्या की तुटके गर तू सगळ्यांना वाटायचीस, कारण अख्खे विकायचे. तुझ्या वाटणीचे तू हातात घ्यायचीस आणि माझ्या ओंजळीत ओतायचीस. म्हणायचीस, "खा गो बाय, मला नको. माझा घसा खवखवतो." मी खायचे आणि मनात म्हणायचे, काय ही सासू. माहेरी जाऊन सांगितलं, पाणवठ्यावर सांगितलं, तू गेल्यावर तेराव्याला तर रडत सांगितलं, की आमची आये स्वतःच्या तोंडातला घास सुनेला द्यायची आणि वर घसा खवखवतो म्हणून खोटं बोलायची. साऱ्या बायांनी डोळे पुसले. पुढे माझ्या घरी सून आली. मी तुटके गर वाटले, माझ्या वाटणीचे तिच्या ओंजळीत ओतले आणि तुझेच शब्द बोलले. सासू झालं की असं बोलायचं असतं अशी माझी समजूत. माझा घसा, आये, आयुष्यात एकदाही खवखवलेला नाही.

लिहायची थांबली आहे ती. थांबू दे.

त्या वर्षीपासून घरात काजू आणला नाही. परसातलं झाड तू लावलेलं, तोडवेना. शेजारणीला सांगितलं, बिया काय, बोंडूची फळं काय, सगळं तू ने, फक्त आमच्या अंगणात फोडू नकोस. तिने आधी गावभर सांगितलं की काजू बाधतो म्हणे, उद्या म्हणतील भात बाधतो. मग एकदा पोरीच्या हातात गर ठेवायला गेली, बघू तरी काय होतं म्हणून, आणि सून तिचा हात मनगटाला धरून अशी काही उभी राहिली की तेव्हापासून ती आमच्या पायरीवर चढताना हात धुते. पाटा मी गरम पाण्याने आणि राखेने घासला, मग पुन्हा घासला, आणि शेवटी नवीन घेतला.

मग भादव्यातल्या पितृपंधरवड्यात तुझा म्हाळ आला. दरवर्षीची कथा तुला माहीत आहे, तूच अडून बसायचीस. पान ठेवलं की कावळे माडावर बसून बघायचे, खाली यायचे नाहीत. तुझा मुलगा हात जोडून कबूल करत सुटायचा, बहिणीला माहेरपणाला आणतो, देवळावर नवी कौलं घालतो. शेजारीण म्हणायची, म्हातारीचा जीव कशात अडकला कोण जाणे. दुपार कलल्यावर कधीतरी एखादा कावळा वडा उचलायचा आणि आम्ही जेवायचो. खिरीला चोच लावायचा नाही. त्या वर्षी खिरीत काजू नव्हता. तुझ्या मुलाने पान ठेवून पाठ वळवली आणि कावळा खिरीत. तो म्हणाला, भूक लागली असेल. असेलही. त्या वर्षी पाऊस लांबला होता, पाखरं उपाशी होती. कावळ्यावर मी भरवसा ठेवत नाही. पण पळी हातात धरून मी तिथेच उभी राहिले, कारण मला तुझा आवाज ऐकू आला, घसा खवखवतो म्हणतानाचा, आणि त्याच्यामागचं खाकरणंही. ते खाकरणं मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. गोष्टीत बसत नव्हतं.

म्हणजे त्याग बिग काही नव्हता. तुला बाधत होता म्हणून देत होतीस. मी त्यावर एवढं रडले, त्याचं काय करायचं? पुष्कळ दिवस मला तुझा राग होता. नंतर एकदा वाकळ शिवताना मनात आलं, तुझी लेकही त्या अंगणात बसायची, माझ्याच वयाची. तिच्याही ओंजळी होत्या. तू ओतलेस ते माझ्या. तेवढं मी धरून ठेवलं आहे, बाकीचं सोडलं.

आता पणतीचं. शाळेत पोरं दप्तरात काजूगर आणतात, एकमेकांना देतात. ही हात मागे बांधते आणि सांगते, मला बाधतो. पोरं विचारतात, असं कुठे असतं का? ती म्हणते, "असतं, माझ्या आजीलाही बाधतो." म्हणून तिला ते अवघड जात नाही. एकटी असती तर एखाद्या दिवशी खाऊन बघितलं असतं तिने, मी तिला ओळखते. तेव्हा माझं खोटं मोडायचं नाही. परवा तिला मी सांगितलं, तुझ्या पणजीलाही बाधायचा, तिच्याकडूनच आला. तिने विचारलं, पणजी रडायची का? मी म्हटलं, नाही, दुसऱ्याला देऊन टाकायची. तिला ते आवडलं. आता तू खरी जोडीदारीण आणि मी खोटी. पण खोटी जवळ आहे, म्हणून तिला तीच चालेल.

सुनेने आता पेन खाली ठेवून मला विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही उगाच?" मी म्हटलं, लिही. मग ती हसली आणि हसता हसता डोळ्याला पदर लावला, ते मी बघितलं नाही असं लिही. हे पत्र जायचं नाही कुठे. तुझा पत्ता कोणाला ठाऊक, आणि घरात ठेवावं तर पोर वर्षभरात वाचायला शिकेल. सून तिच्या माहेरी ठेवणार आहे.

तरी एवढं ऐकून ठेव, विसरलीस तर पुन्हा सांगणार नाही. तिकडून कधी काही पाठवायची बुद्धी झाली, तर पोरीसाठी कुळथाचं पीठ पाठव आणि फणसाची साठं. काजूगर पाठवलेस तर वेगळे, दोन फडक्यांत बांधून, माझ्या नावावर. मला फार आवडतात गो. आणि तुटके नकोत, अख्खे पाठव.