जांघ की हासळी?

६ जाने. ९७, धारूर
पलटणीतून रजेवर गावी आलोय, दहा-बारा दिवस उरलेत. सी.ओ. साहेबांना अहवाल हवाय: जखमी जवानाच्या हाताच्या शिरा बसल्या, तर सलाईनसाठी मोठी शीर गाठायची कुठून? जांघेतून की गळ्याजवळच्या हासळीच्या हाडाखालून? माणसावर अजमावता येत नाही, म्हणून पुतळा. ट्रॅक्टरच्या सीटा शिवणाऱ्या बशीरभाईंनी फोमचं धड शिवलंय. आत पाण्याच्या रबरी नळ्या, छातीत फुप्फुसाऐवजी फुगा. "एक थेंब गळणार न्हाई, डॉक्टरसाब."

९ जाने.
गावच्या सरकारी दवाखान्यातल्या कमलसिस्टर आणि मी, घड्याळ लावून. फोमची पार चाळण. जांघ दर वेळी लागली. हासळीखाली फुगा तीनदा फुटला. सिस्टर हसून बेजार. "मेला की वो सर तुमचा जवान!"
निकाल सरळ. जांघ.

१० जाने.
अहवाल धाडला. खूश आहे. संध्याकाळी बासुंदी.

१३ जाने.
तेलगाव रस्त्याला उसाची ट्रॉली उलटली. तोडणीची बाई, पंचविशीची, खाली सापडली. दवाखान्यात आणली; तिथले डॉक्टर बाहेरगावी, म्हणून मीच पुढं झालो. हाताला शीर नाही. जांघेत सुई घातली. कोरडी. पुन्हा कोरडी. आपलाच निकाल डोक्यात, म्हणून चौथ्यांदाही तिथंच. सिस्टर ओरडल्या, "सर, वर बघा की!" हासळीखाली पहिल्याच टोचण्यात लागली. तोवर ती गेली.
नवरा दारात. "कावून इतका येळ लावला, डाक्टर?"


१४ जाने.
रक्त गेलं की जांघेतली शीर चपटी पडते. हासळीखालची हाडापाशी ताणलेली, सहसा उघडी राहते. हे मला माहीत होतं! तरी तुडुंब नळ्यांवर घड्याळ लावत बसलो. लाज वाटते.
बशीरभाईंना म्हटलं, जांघेतल्या नळ्या गळक्या करा, रक्त गेल्यासारख्या. रागावले. "गळका माल मी देत न्हाई साब." बाईचं सांगितलं, मग गुमान केल्या.
जांघ लागेना. सिस्टरनाही लागेना. आज कुणी हसलं नाही.

१६ जाने.
एस.टी.डी. बूथवरून साहेबांना फोन. "एका बाईवरून निकाल फिरवायचा? अहवाल वर गेलाय. सोमवारी नर्सिंगवाल्या जवानांची बॅच. तूच शिकवणार." त्यांनी फोन ठेवला.

१७ जाने.
उद्या निघतो. पुतळा पोत्यात बांधला. सिस्टर म्हणाल्या, "तिकडं बाईचं सांगा बरं का." सांगायचं तर माझा हट्टही सांगावा लागेल, साहेबांच्या देखत. न सांगावं तर पोरं जांघच शिकणार, आणि वर बघा म्हणायला तिथं सिस्टर नसतील.
सोमवारचं भाषण लिहायला घेतलंय. 'जवानहो, माझ्या हातून एक बाई...'