तळपायावरचे ठिपके

प्रिय ताई,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी नुसतं "त्या दिवशी" म्हटलं, की तू लगेच बाबांच्या कंबरेची चौकशी सुरू करतेस. म्हणून कागद घेतला. दवाखान्यातली रांग संपली आहे आणि मी औषधांच्या खोलीत एका खोक्यावर बसून लिहिते आहे. याआधी दोनदा लिहून फाडलं. पहिल्यात नुसतं रडगाणं होतं, दुसऱ्यात शहाणपण फार होतं. हे तिसरं.

आधी घरचं सांगते. बाबांची कंबर तशीच आहे. कारखान्यात दिवसभर उभे असतात आणि घरी येऊनही बसत नाहीत, खिडकीशी उभे राहतात. आई परवा तुझ्याकडे येऊन गेली. परत आल्यावर बराच वेळ पिशवी हातात धरूनच बसली होती. मग सांगितलं, की तुझ्या सासूबाई तिच्यासमोरच म्हणाल्या, "सकाळीच पोरीच्या अंगावर उठलेलं दिसलं होतं हिला. साडेतीनपर्यंत काय मुहूर्त बघत होती का, विचारा तुमच्या लेकीला." भावोजी तिथेच बुटाच्या नाड्या बांधत होते, आणि बांधून झाल्यावरही वाकलेलेच राहिले म्हणे. मग आईने तुला आत नेऊन हळूच विचारलं, "खरंच का गं थांबलीस?" तू म्हणालीस, "मला कळलं नाही, आई." हे सांगताना आई माझ्याकडे बघत होती. मी भांडी घासत होते. मी वळले नाही.

गुंडीला जाऊन आज त्रेचाळीस दिवस झाले. जेमतेम अडीच महिन्यांची होती. तिचं नाव ठेवायचं चाललं होतं आणि घरात चार जणांची पाच मतं होती, पण तू आपली पहिल्या दिवसापासून गुंडीच म्हणायचीस. आयुष्यभर शर्टांना काजं केली, आता माझी स्वतःची गुंडी आली, असं म्हणून हसायचीस. आठवीत वर्गात पहिली आलीस त्याच वर्षी तू काजांच्या मशीनवर बसलीस. घरात एकीलाच शिकवता येणार होतं आणि ती कोण, हे तूच ठरवून टाकलंस. मला कोणी विचारलंही नाही. माझा पदवीचा निकाल लागला तेव्हा बाबा शेजारच्यांना सांगत सुटले, आमची धाकटी आता अर्धी डॉक्टर झाली. तू म्हणालीस, अर्धी कशाला, पाऊण म्हणा, तिला राग येईल. त्या दिवसापासून घरात कशावरही अडलं की "तिला विचारा, ती शिकलीय." आईच्या गोळ्या, बँकेचा अर्ज, मावशीच्या गुडघ्याचा फोटो, सगळं माझ्याकडे. मला ते आवडायचं, ताई. मी विचार न करताही उत्तर द्यायला लागले होते.

दवाखान्यात नर्स म्हणून लागल्यापासून माझा सगळा जीव त्या लहान मुलांच्या तपासणीत होता. तुला मी किती वेळा ऐकवलं असेल! बाळाच्या नाकावर बारीक पांढरे दाणे येतात, ते आपोआप जातात. जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत लाल चट्टे उठतात, मधे पिवळसर टोक असतं, तेही जातात. डोक्यावरचे खवले, मानेच्या वळीतलं घामोळं, लंगोटाखाली लालबुंद झालेली कातडी, यातलं काही जीवघेणं नसतं. पण आया घाबरतात, आणि घाबरलेल्या माणसाला शेजारीपाजारी काहीही सुचवतात. एका बाळाच्या गालावर टूथपेस्ट चोपडलेली होती. एकाच्या पाठीला कोणीतरी जंतुनाशक तसंच्या तसं, पाणी न घालता लावलं होतं. पुरळ बरं झालं असतं, ते भाजलेलं महिनाभर बरं झालं नाही. म्हणून मी तो तक्ता केला. वर मोठ्या अक्षरांत "घाबरू नका", खाली प्रशिक्षणाच्या पुस्तकातले आठ फोटो. माझ्या टेबलामागे लावला. आठही बाळं गोरीपान होती. पांढऱ्या कापडावर लाल शाई सांडावी तसं त्यांच्या अंगावरचं पुरळ लख्ख दिसायचं. आमच्या रांगेत त्या रंगाचं एकही मूल नसतं, हे मला दोन वर्षांत एकदाही खटकलं नाही.

आता त्या सोमवारचं लिहिते. तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण कालपर्यंत घरात हे आपल्या दोघींशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. दहा वाजले होते. चाळीसेक बायका होत्या. तू रांगेत न थांबता थेट माझ्या टेबलाशी आलीस. तू, जी नळावर कोणी मधे घुसलं तर दोन दिवस त्याच्याशी बोलत नाहीस! मला तेवढ्यावरूनच कळायला हवं होतं. तू म्हणालीस, पहाटेपासून अंगावर पीत नाहीये, उचललं की किंचाळते आणि खाली ठेवलं की गप्प होते, हे उलटंच आहे गं. मग दुपटं सोडलंस. पोटावर बारीक काळपट ठिपके होते. मी मान वळवून तक्त्याकडे पाहिलं, मग गुंडीकडे. लाली कुठे दिसेना. अंग थोडं कोमट लागलं, पण त्या खोलीत सगळीच अंगं कोमट होती. मी म्हटलं, घामोळं आहे. तू म्हणालीस, "अगं, पण तळपायावरही आहे." मी म्हटलं, "मोजे घालून ठेवतेस, घाम येणारच." तू म्हणालीस, "हात गार लागतायत तिचे." आणि तेव्हा मी ते वाक्य बोलले. रांगेतल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात, हसत हसत. "ताई, तू पण? माझी सख्खी बहीणच अशी धावत आली तर मी या बाकीच्यांना काय शिकवणार?" बायका हसल्या. एक जण म्हणाली, पहिलटकरीण आहे, चालायचंच. तूही हसलीस. दुपटं नीट गुंडाळलंस आणि गेलीस. रांगेतून आली नव्हतीस, म्हणून चिठ्ठी नव्हती. चिठ्ठी नव्हती, म्हणून मी वहीत नोंद केली नाही.

घरी सासूबाई नव्हत्या, भावोजी कामावर. तू साडेपाच तास एकटी तिच्याजवळ बसलीस आणि पुन्हा माझ्याकडे यायचं धाडस तुला झालं नाही. मी हसं केलं होतं तुझं. साडेतीनला ठिपक्यांचे जांभळे डाग झाले तेव्हा तू माझ्याकडे आलीच नाहीस, सरळ मोठ्या रुग्णालयात पळालीस.

तिथल्या डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "चार-पाच तास आधी आणायला हवं होतं." भावोजींनी तुला विचारलं, "सकाळीच का नाही नेलंस कुठे?" मी शेजारीच उभी होते, गणवेशात, हातात गुंडीच्या लंगोटांची पिशवी. तू माझ्याकडे पाहिलंस. फार वेळ नाही, सुईत दोरा ओवायला लागतो तेवढाच. मग त्यांच्याकडे वळून म्हणालीस, "मला वाटलं घामोळं आहे." माझा शब्द होता तो, ताई. तू माझ्या तोंडातला काढून स्वतःच्या तोंडात घातलास. माझा नोकरीत कायम होण्याचा कागद पुढच्या महिन्यात यायचा होता, ते तुझ्या डोक्यात आलं असणार. मी काय केलं? मी पिशवीची चेन लावली. ती लावलेलीच होती, तरी पुन्हा उघडून लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडी गेली तोवर मी एक अक्षर बोलले नाही.

नंतर मी एकटीच त्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. दुसऱ्याच कुणाच्या बाळाबद्दल विचारतेय असं दाखवून विचारलं. त्यांनी समजावलं, की रक्तात जंतू पसरले की कातडीखाली रक्त झिरपतं, त्याचे ते ठिपके. काचेचा पेला दाबून धरला तर घामोळं फिकं होतं, हे होत नाही. आणि सावळ्या अंगावर ते लाल दिसत नाहीत, म्हणून जिथे कातडी उजळ असते तिथे बघायचं: तळहात, पापणीच्या आत, तळपाय. त्या बोलत होत्या आणि माझ्या कानात तुझा आवाज होता. आठवी शिकलेल्या आईने नेमकं पाहिलं होतं, नेमकं सांगितलं होतं, आणि पदवीवालीने मोज्यांवर ढकललं. दहा वाजता आणलं असतं तर ती वाचलीच असती का, हेही मी विचारलं. त्या म्हणाल्या, खात्रीने सांगता येत नाही, हा आजार फार झपाट्याने बळावतो. मी तुला खोटा दिलासा देत नाही आणि मला स्वतःलाही नको आहे. ती वाचली असती की नाही, ते कोणालाच माहीत नाही. पण ते साडेपाच तास तिचे होते, आणि ते तू नाही, मी घालवले.

एवढ्यावरही मी थांबले नाही. आमच्या भागात एक वर्षाखालचं मूल गेलं की घरी जाऊन एक फॉर्म भरायचा असतो. तुझं घर माझ्याच भागात येतं, म्हणून गुंडीचा फॉर्म मीच भरला. तुझ्यासमोर, तुझ्या स्वयंपाकघरात बसून. "आजारात प्रथम कोणाला दाखवले?" या प्रश्नापुढे मी लिहिलं, "दाखवले नाही." "उशिराचे कारण" याखाली चार पर्याय असतात. मी खूण केली, "आईच्या लक्षात आले नाही." कागद तुझ्याकडे सरकवला. मला वाटलं तू न वाचता सही करशील. तू वाचलास. प्रत्येक ओळीखाली बोट धरून वाचलास, आणि सही केलीस. मग मला विचारलंस, चहा घेणार का. मी घेतला, ताई. बसून घेतला.

परवा तपासणीच्या दिवशी एक अगदी तरुण आई आली होती. तिची पाळी आली, तर ती मागच्या बाईला पुढे सोडायला लागली. असं तीनदा केलं. शेवटी मी बोलावलं, तर आधी तक्त्याकडे बघून म्हणाली, "सिस्टर, रागावू नका, मला माहितीये घाबरायचं नसतं. नुसतं एकदा बघता का?" तिच्या बाळाला काही झालं नव्हतं, मानेत घामोळंच होतं. मी काच दाबून पाहिलं, तळपाय पाहिले, पापण्या पाहिल्या. ती गेली आणि मी तक्ता खाली काढला. ओढून काढताना आठातले दोन फोटो फाटले.

काल मी आमच्या मोठ्या डॉक्टरांना सगळं लेखी दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "विचार केलास ना? चौकशी लागेल. कायम व्हायचं राहू दे, आहे ती नोकरीही जाईल कदाचित." मी म्हटलं, केला. घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "त्याने पोर परत येणार आहे का?" आईने माझा गणवेश धुऊन वाळत घातला. रविवारी अकरा वाजता मी तुझ्याकडे येते आहे, तेव्हा भावोजी घरी असतात. नवा फॉर्म आणते आहे, भरलेला. तुझ्या सासूबाईंसमोर आणि भावोजींसमोर एकेक ओळ मोठ्याने वाचणार आहे: प्रथम दाखवले, सकाळी दहा वाजता, मला, उशिराचे कारण, मी परत पाठवले. त्याखाली पुन्हा तुझी सही लागते. हे पत्र आधी पाठवते आहे ते एवढ्यासाठीच, की मी तुला ओळखते. मी तोंड उघडताच तू म्हणशील, हिचं काही ऐकू नका, ही उगाच स्वतःवर ओढवून घेतेय, मी कुठे गेलेच नव्हते. आणि सगळे तुझंच खरं मानतील, कारण तू ते हसून म्हणशील. लहानपणापासून माझ्या वाटचा मार तू खाल्लास. हा एक मला खाऊ दे. त्या दिवशी तू फक्त बसून राहा, मधे पडू नकोस. नंतर मला दारातून हाकलून द्यायचं असेल तर हाकलून दे, पण सही केल्यावर.

तुझीच, अजूनही म्हणू देशील तर,
धाकटी