मंगळवारी तहसीलला या

लोहा, १२ जानेवारी

प्रिय विशाखाचे पप्पा,

जय भीम. फोनवर सांगितलं की तुम्ही हो हो म्हणून ठेवून देता, म्हणून हैदराबादच्या पत्त्यावर लिहून राहिले.

विशाखा लातूरला बरी आहे. अकरावीचा अभ्यास लई आहे म्हणते. ऑक्टोबरात तुम्ही चार दिवस आलात, ते ती अजून मैत्रिणींना सांगते. पप्पांनी बॅग उचलली, पप्पा स्टँडपर्यंत आले, एवढंच पुन्हा पुन्हा. मलाही बरं वाटलं होतं, खोटं का बोलू? सहा वर्षांनी घरात तीन ताटं वाढली.

पण तारेवर वाळणारा तुमचा शर्ट कुणीतरी पाहिला. नवरा घरी येऊन राहतो आणि ही टाकलेली म्हणून निराधारचा पगार उचलते, असा अर्ज तहसीलला गेला. त्या यादीत नाव लागायला माझी दोन वर्षं गेली होती. तेव्हा पंचनाम्याला शेजारच्या सरजाबाई तलाठ्याला म्हणाल्या होत्या, "तीन वर्षं झाले, हिच्या दारात गड्याची चप्पल न्हाई दिसली." मी मान खाली घालून ऐकलं होतं. आता तेच तलाठी पुन्हा दारात. शर्ट कुणाचा, विचारलं. मी म्हणाले, "भावाचा हाय." सरजाबाई ओट्यावरच होत्या. उठून आत गेल्या. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.

पगार थांबला. विशाखाचे बालसंगोपन योजनेचे पैसेही अडकले. मेसवाल्या काकूंनी तिला पैशाचं दोनदा विचारलं. तिला वाटतं, सरकारकडूनच उशीर आहे. पप्पा आले म्हणून बंद झालं, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू?

मंगळवारी अकरा वाजता चौकशी आहे. शर्ट तुमचाच होता, हे मी साहेबांना सांगणार आहे. तुम्ही या. त्यांच्यापुढं सांगा, मी परत आलोय, घर मी चालवीन. मग नाव कापा म्हणून मीच अर्ज देते. नाहीतर सांगा, मी हिला सोडलंय, आणि तसं लिहून द्या. अधूनमधून चार दिवस येणारा माणूस त्यांच्या कागदात कुठंच बसत नाही, आणि भोगते पोरगी. दोन्हीतलं काहीही सांगा, मी ऐकून घेईन. फक्त त्यानंतर विशाखाला फोन मी करणार नाही. तो तुम्ही करायचा.

तुमची की नाही, ते मंगळवारी कळेल,
पंचफुला