खोडलेल्या नोंदी

सेक्टर ६, भिलाई
११ डिसेंबर २०२३

प्रिय प्राची,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. थंडी चांगलीच पडली आहे. गीतांजली मावशी पद्मनाभपूरहून दर दोन दिवसांनी डबा आणून देते, तेव्हा जेवणाची काळजी करू नको. आईचा भाड्याचा पलंग परवा येऊन घेऊन गेले. खोली एकदम मोठी दिसायला लागली.

तू आईचं रजिस्टर मागितलं होतंस, ते या पत्रासोबत पाठवतो आहे. त्याबद्दल फोनवरच सांगणार होतो. पण तू मधेच "बाबा, जेवलात का?" विचारतेस आणि माझं राहून जातं. म्हणून लिहितो.

तेरवीला तू ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलंस. दोन वर्षं, दर दोन तासांनी. कूस बदलली, पाणी दिलं, औषध दिलं, वेळ, सही. मावशी डोळे पुसत म्हणाली, "भाऊजी, माह्या बहिणीनं नशीब काढलं होतं." मी ताटाकडे पाहत बसलो.

मग तू म्हणालीस, बाबांच्या पाळीच्या नोंदी इतक्या चोख, तर पाठीला जखम झालीच कशी? सकाळच्या पाळीतच हलगर्जी झाली असणार. सकाळी आईला सांभाळणारी गिरजाबाई तिथेच भांडी आवरत होती. तिनं पदराला हात पुसले. "मैं तो रोज करवट देवत रहेंव, बेटी. बाबूजी ला पूछ ले."

तू मला विचारलंस. मी म्हणालो, "मी सकाळी बाजारात असायचो, मले काय माहीत."

ती चहा न घेता गेली. ती ज्या बाईंमार्फत आपल्याकडे आली होती, त्यांना तू फोन केलास. तेव्हापासून तिला कुठेच काम मिळालेलं नाही. हे मावशीनं सांगितलं.

प्लांटमध्ये मी एकतीस वर्षं तासातासाला रीडिंग लिहिलं. न बघता एकही आकडा लिहिला नाही. आमचा दुसरा नियम तुला लहानपणीच पाठ होता, पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. मला उशीर झाला की तू फाटकातूनच विचारायचीस, "तुमचा रिलीव्हर आला नव्हता का?"

आईला लकवा झाला तेव्हा तू आणखी एक बाई ठेवा म्हणाली होतीस. मी म्हणालो, मी आहे ना. सकाळी आठ ते दोन गिरजाबाई, बाकीचे अठरा तास मी. पहिलं वर्ष जमलं. डॉक्टर येऊन आईचं बीपी पाहायचे, येणारेजाणारे आईची चौकशी करायचे. माझं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी ठीक आहे असंच सांगितलं असतं.

यंदा गणपतीत एक दिवस दुपारी चारला कूस बदलायची होती. मी खुर्चीत बसल्या बसल्या झोपलो. उठलो तर आठ वाजले होते. चारची आणि सहाची, दोन्ही नोंदी लिहून टाकल्या. ती झोपेची चूक होती. पुढच्या तशा नाहीत.

पुढे मी जागा असायचो. आईला फक्त "हो" म्हणता यायचं, तुला माहीत आहे. पाठ दुखली की ती "हो, हो" करायची. मी मागच्या अंगणात पेरूखाली स्टूल टाकून बसलेला असायचो. मला ऐकू यायचं. मी उठत नव्हतो. ती गप्प झाली की आत जायचो आणि रजिस्टर भरायचो. रोज नाही, पण बरेच दिवस. का, ते मला सांगता येत नाही. तिच्यावर राग नव्हता. हात उचलत नव्हते, एवढंच.

नवरात्रात आईची पाठ पुसताना गिरजाबाई म्हणाली, "बाबूजी, दाई के पीठ लाल होगे हे. संझा-रात करवट देथव न?" मी तिच्यापुढे रजिस्टर उघडून धरलं. तिला वाचता येत नाही. हे मला ठाऊक होतं.

 दुसऱ्या दिवसापासून ती दोनच्या ऐवजी चारला घरी जायला लागली. मी तिला थांब म्हटलं नव्हतं, आणि जा असंही म्हटलं नाही.

दवाखान्यात आईनं प्राण सोडला तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं तेही लिहितो. रिलीव्हर आला. मग तुला फोन केला.

दोनदा रुआबांध्याला गिरजाबाईच्या गल्लीपर्यंत जाऊन परत आलो. म्हणून आता आधी हे पार्सल टाकतो आणि पोस्टातून सरळ तिच्याकडे जातो. एकदा हे तुझ्याकडे निघालं की मला परत फिरून उपयोग नाही.

रजिस्टर नीट बघ. प्लांटमध्ये चुकीची नोंद खोडरबरानं पुसत नाहीत. आडवी एक रेघ मारतात, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही करतात. तशा एकसष्ट नोंदी खोडल्या आहेत. काही ठिकाणी कूस बदलली होती की नाही हे आता मलाच आठवत नाही. तिथे प्रश्नचिन्ह केलं आहे.

वाचून झालं की मला फोन करू नको. आधी गिरजाबाईला कर. मग त्या बाईंना कर. मला नंतर, तुला वाटलं तर.

तुझे बाबा,
देवराव