बाजूला न ठेवलेली बाटली

आई, आज प्रयोगशाळेत मी काचेचा एक कण उजेडावर तरंगत ठेवला आणि उजेडानेच फिरवला. धुळीहून बारीक कण. हवा काढून घेतलेल्या पेटीत लेसरचा झोत त्याला अधांतरी धरून ठेवतो. झोताच्या वाटेतली स्फटिकाची चकती जराशी वळवली की उजेडाला पीळ बसतो आणि कण फिरू लागतो. पीळ उलटा दिला की आधी मंदावतो, मग उलटा फिरतो. तुला हसू आलं असतं. कण दिसला की बाटली बाजूला ठेवण्यात तुझी सगळी नोकरी गेली, आणि तुझी लेक एकेक कण जपत बसते.

पिंपरीच्या औषध कंपनीतला तुमचा तो हॉल अजून डोळ्यांसमोर आहे. काळ्या पडद्यापुढे दिवे, दिव्यांपाशी ओळीने बसलेल्या पांढऱ्या टोप्यांतल्या बायका. मॅट्रिक झाल्यावर मला तिथेच चिकटवायचं तू ठरवलंस, साहेबांच्या कानावर घातलंस. इंजेक्शनची बाटली दिव्यासमोर धरायची, हलकी गिरकी देऊन थांबवायची. काचेवरचा ओरखडा थांबतो, आतला कण फिरत राहतो; कण दिसला की ती बाटली बाद. चाचणीला मला पहिल्याच बाटलीत कण दिसला. चमकत, कलंडत तो गोल फिरत होता आणि मी बघतच राहिले. थांबला की पुन्हा गिरकी. शेजारणीचा ट्रे भरत आला तरी माझ्या हातात तीच बाटली. तू मागून येऊन पुटपुटलीस, "आगं, दिसला न्हवं? मग ठिव की बाजूला. बघत काय बसलीस?" तपासणीच्या बाईंनी तुझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. हातातोंडाशी आलेली नोकरी गेली.

कंपनीच्या बसने आपण परतलो. आकुर्डीला घरी येऊन तू स्टोव्हला पंप मारतेस, चहाचं आधण ठेवतेस आणि पाठमोरीच विचारतेस, "असं बघत बसायचं शिकवत्यात का कुठं कालिजात?"

"शिकवतात," मी म्हणते.

"मग जा तिकडं. हितं न्हाई तुजं काम."

कॉलेजबद्दल एवढंच बोलणं झालं. त्यावर माझं आयुष्य छान चाललं आहे.

हे पत्र पाठवणार कुठे? राहील माझ्याच कपाटात. पण एक सांगते. त्या संध्याकाळी मी हिरमुसले असेन म्हणून तू माझ्या डोक्याला तेल लावत कितीतरी वेळ समजूत घालत होतीस. मला वाईट वाटलंच नव्हतं, आई. पण तसं म्हटलं असतं तर तू उठून कामाला लागली असतीस, म्हणून गप्प बसून राहिले.