बुधवारी क्लोजवर डबल

२२ जून १९५८, रवि., अकोला
सामान लागलं. बाबांची बदली होऊन इथं आलो त्याले आठ दिवस झाले, कॅरम अजून गोणपाटातच आहे. खेळू कोणासंग? आई म्हणते मंगलसंग खेळ. मंगल नऊ वर्षांची, हरली की सोंगट्या फेकते. अमरावतीले असतो तर आत्ता वसंताच्या ओसरीत. मी आणि डिग्या एकीकडून, वसंता आणि त्याचा काका दुसरीकडून. डिग्या क्वीन घेतल्याशिवाय पाणी पीत नसे. इथल्या शाळेतले पोट्टे बरे आहेत. पण क्रिकेटशिवाय बोलत नाहीत, आणि मले तर... जाऊ दे.

२९ जून, रवि.
मंगलसंग सापशिडीचे सहा डाव. मत पक्कं झालं: सापशिडी हा गेमच नाही. चढणं आपल्या हातात नाही, पडणं आपल्या हातात नाही. ९८ वरच्या सापानं मले चारदा खाल्लं. मी बनवली असती तर त्या सापाच्या आधी दोन वाटा दिल्या असत्या, एक लांबची, एक धोक्याची. माणसाले ठरवू तर द्या. मंगल म्हणते, तू हरला म्हणून बोलून राह्यला. खरं आहे. पण मुद्दाही खरा आहे.

६ जुलै, रवि.
चार ड्रॉइंग शीट खळीनं चिकटवल्या. अमरावती ते अकोला सायकल रेस! साठ मैल, मैलाले पाच घरं, तीनशे घरं. बडनेऱ्याचं रेल्वे फाटक बंद: दोन दिवस बसा. लोणीले पंक्चर. मूर्तिजापूरले चहा, एक्स्ट्रा चान्स. काटेपूर्णेच्या पुलावर समोरून बैलगाड्या. डिग्याले छोटी कॉपी पाठवीन, कार्डावर खेळू. तो तिथं, मी इथं.
एकच प्रॉब्लेम, फासा. तो लिहील सहा पडले, मी कसं मानू? डिग्यावर भरवसा आहे. पण भरवशावर रूल्स बनत नाहीत.

१३ जुलै, रवि.
सापडलं!! सकाळी बाबांचा पेपर पाहून राह्यलो होतो, शेवटच्या पानावर कापसाचे भाव. रोज दोन, ओपन आणि क्लोज. शेवटचा आकडा घ्यायचा. ओपनचा डिग्याचा, क्लोजचा माझा. शून्य म्हणजे दहा. अमरावतीले तोच पेपर, तोच आकडा, कोणाच्या बापाले चीटिंग करता येणार नाही.
पण मग हीही सापशिडीच झाली. म्हणून 'डबल'. आठवड्यातून एक दिवस निवडायचा. त्या दिवशी आकडा विषम आला तर दुप्पट पुढं, सम आला तर तेवढंच मागं. दिवस आधी कार्डावर लिहून टाकायचा, नाहीतर भाव पाहून कोणीही म्हणेल माझा डबल होता. पोस्टाचा शिक्का म्हणजे अंपायर. मले वाटते आजवर एवढा फेअर गेम कोणी काढला नसेल.

२७ जुलै, रवि.
डिग्याचं कार्ड. "मध्या, तू भैताड आहे पण खेळ भारी आहे. गुरुवारी ओपनवर डबल." उद्या स्टार्ट.

१७ ऑगस्ट, रवि.
मी ९१, डिग्या ७४. फाटकानं त्याले अडवलं. कार्डात मले अशा शिव्या दिल्या की पोस्टमन वाचूनच हसत आला. बरं वाटलं. कॅरमची संध्याकाळ नाही ही, समोरच्याचं तोंड दिसत नाही. पण दिवसभर डोक्यात राहते, शाळेतसुद्धा. आज काय आला असेल.
कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर सकाळी दहा-पंधरा जण पेपरसाठी थांबतात आणि उघडतात तेच पान. कापसाचं गाव आहे बाप्पा. मी पण मधे डोकं घातलं. एकानं विचारलं, "काय छोटे साहेब, लागला का?" मी म्हटलं, हो, सात आला, चौदा घरं गेलो. सगळे हसले. का हसले, कोण जाणे.

१४ सप्टेंबर, रवि.
डिग्या १७८, मी १६९. आता तो पुढं. त्याचं गाव चांदूर बाजारकडं, शिकायले अमरावतीले मामाकडं राहतो. मामा म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर. कडक. घरात पत्ते नाहीत, सोंगट्या नाहीत. म्हणून डिग्या रोज वाचनालयात जाऊन भाव पाहते, पळत. त्यानं लिहिलं की मॅट्रिकचा अभ्यास चालू आहे आणि आबा (त्याचे वडील) म्हणतात पास झाला तर कॉलेजले टाकतो, घराण्यात पहिला. खाली परत: "मंगळवारी ओपनवर डबल."

१९ ऑक्टोबर, रवि.
डिग्या २८९. मी २७२. हरतो की काय. काल मुद्दाम कार्ड टाकलं: "बुधवारी क्लोजवर डबल. अकोल्याच्या आधी गाठतोच तुले. वसंताले सांगू नको, तो फोडेल." वसंता अख्ख्या शाळेत सांगत सुटते, मग हरलो तर सगळे हसतात, म्हणून.

२३ ऑक्टोबर, गुरु.
काल क्लोज ९! अठरा घरं! मी २७२ वरून मधल्या दोन दिवसांत २८१ वर होतो, म्हणजे २९९. डिग्या कुठं आहे ते त्याच्या कार्डाशिवाय कळत नाही, त्यानं सोमवारपासून काहीच कळवलं नाही.

(नंतर) काय भैताड मी. ओपन तर पेपरात आहे. मोजलं. डिग्या मंगळवारीच पोचला असता. पण त्याचा डबल कोणत्या दिवशी होता? कार्ड आलं नाही.

१ नोव्हेंबर, शनि.
कार्ड नाही. मी दोन टाकली.

६ नोव्हेंबर, गुरु.
वसंताचं पत्र. तीन वेळा वाचलं.
माझं बुधवारवालं कार्ड पोस्टमननं मामाच्या हातात दिलं. मामानं वाचलं. मग डिग्याची पेटी उघडली, सगळी कार्डं निघाली, नकाशा निघाला. मामाले वाटलं पोरगा आकडा लावते. कापसाच्या ओपन-क्लोजवर शहरात जुगार चालतो. वसंता लिहिते: "तुले खरंच माहीत नव्हतं का बे? अख्ख्या वऱ्हाडाले माहीत आहे." मले माहीत नव्हतं. पानठेल्यावरचे ते सगळे...
डिग्यानं सांगतलं हा खेळ आहे. मामा म्हणाले, कोणत्या खेळात ओपन, क्लोज आणि डबल असते? एक ठेवून दिली. त्यानंतर डिग्या बोललाच नाही. दुसऱ्या दिवशी आबा येऊन त्याले गावी घेऊन गेले. शाळा बंद. मॅट्रिकचा फॉर्म भरला नाही. शेवटची तारीख ८ डिसेंबर.

८ नोव्हेंबर, शनि.
बाबांना सांगतलं. ते कोर्टात शिरस्तेदार. मले वाटलं, ते मामांना एक पत्र लिहितील आणि संपेल.
बाबांनी विचारलं, कार्डं कोणाच्या अक्षरात आहेत? माझ्या. खाली नाव? पूर्ण. ते बराच वेळ खुर्चीच्या दांड्यावर बोट वाजवत बसले. कोर्टात आठवड्याले दोन-तीन आकड्याच्या केसेस येतात, चिठ्ठ्यांवर हेच असते म्हणाले. मग, "तू आता काही लिहायचं नाही. कोणालाच नाही." रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

११ नोव्हेंबर
दिवाळी. काही नाही.

२३ नोव्हेंबर, रवि.
काल अमरावतीले जाऊन आलो. आईनं बाबांना सांगतलं की जुन्या शाळेतून सर्टिफिकेट आणायचं आहे. आईले सगळं माहीत आहे.
मोठा बोर्ड गुंडाळी करून नेला. मामांनी बसायले सांगतलं, पाणी दिलं. मी सगळे रूल्स सांगतले. फाटक, पंक्चर, डबल, पोस्टाचा शिक्का. मी म्हटलं, मामा, आकडा पेपरातून यासाठी घेतला की कोणाले खोटं सांगता येऊ नये.
त्यांनी आतून फाईल आणली. माझी कार्डं तारखेनं लावलेली, बाजूले पेपरची कात्रणं, आकड्याखाली लाल रेघ. शंभरच्या वर रेघा असतील. एकही चूक नाही. आमच्या बाजूनं एकही चूक नाही!
"हे आकडे भावाचे आहेत का नाहीत, तेवढं सांग."
"आहेत."
"झालं तर."
फाशानं खेळलो असतो, एखादा आकडा कुठं चुकला असता, तर सुटलो असतो. मी म्हटलं, पैसे कुठं आहेत याच्यात? कोणी दिले, कोणी घेतले? मामा म्हणाले, "पैसा कार्डावर कोण लिहिते, मधू." आणि मग हळू: "बहिणीचं पोरगं आहे ते. पन्नास पोट्ट्यांना शिकवतो मी. उद्या कोणी म्हणालं मास्तरच्या घरी आकडा चालते, तर मी वर्गात उभं कसं राहू?"
त्यांचं चूक आहे असं मले म्हणताच आलं नाही. बाहेर वसंता उभा होता. म्हणे, "तू इंग्रजी शाळेत होता ना, मग वकिलासारखं बोलाचं होतं." दोघं स्टेशनपर्यंत चालत गेलो. त्यानं मले शेंगदाणे घेऊन दिले, मी खिशात तसेच आणले.

२७ नोव्हेंबर, गुरु.
डिग्याच्या आबांना पत्र. बाबांना न सांगता. माझं लिहायचं मराठी म्हणजे असं, बोलतो तसंच येते. चार वेळा लिहिलं. एकदा 'कृपया' लिहिलं, खोडलं, उसनं वाटलं. शेवटी हे: डिग्यानं काही केलं नाही. खेळ मी काढला. आकडा मी निवडला. शिक्षा द्यायची तर मले द्या, त्याचा फॉर्म भरा.
मले कोण शिक्षा देणार. माझा फॉर्म तर बाबांनी पंधरा तारखेलाच भरला.

४ डिसेंबर, गुरु.
उत्तर नाही. चार दिवस राह्यले. संध्याकाळी मंगल सापशिडी घेऊन आली, मी नाही म्हटलं. ती म्हणे, मी हरली तरी फेकणार नाही.

७ डिसेंबर, रवि.
आबा आले.
दुपारी जेवून बसलो होतो. दारात धोतर, कोट, डोक्याले फेटा, हातात पिशवी. मी कधी पाह्यलं नव्हतं, पण नाक डिग्याचं. म्हणाले सरकी घ्याले आलो होतो अकोल्यात. आज मार्केट बंद असते.
बाबा पुढं झाले, खुर्ची दिली, झाल्या प्रकाराबद्दल आम्हालाही वाईट वाटते वगैरे. आबा उभेच. "मी साहेबांशी बोलाले नाई आलो जी. पोराशी बोलाले आलो." बाबा आत गेले. पडद्यामागं होते, पाय दिसत होते.
आबा सतरंजीवर बसले. "काढ तुहा खेळ."
बोर्ड पसरला. गुंडाळी उलटत होती, एका कोपऱ्यावर तांब्या ठेवावा लागला. पेपर नको म्हणाले, तुही बहीण खेळते तो फासा आण. त्यांची सोंगटी चिंचोका, माझी बटन. खेळलो. खरंच खेळलो, एक तासभर. आबांनी पहिल्यांदा फासा असा टाकला की बाजेखाली गेला. मग बसला हात. बडनेऱ्याच्या फाटकावर अडकले तर म्हणाले, "हे बराबर हाय. मले सकायीच अडवलं यानं." डबल समजावून सांगतला. त्यांनी एकदा घेतला, मागं आले. पुन्हा घेतला.
लोणीच्या पुढं हात थांबवला.
"याच्यात पैसा कुठं हाय?"
"नाही आबा. कुठंच नाही."
"जिंकला त्याले काय भेटते?"
"काही नाही."
"मंग खेळता काहून?"
आता लिहिताना दहा उत्तरं सुचतात. ओसरी. दिवसभर डोक्यात राहते ते. समोरचा मागं किती राह्यला ते पाहणं. तेव्हा तोंडातून निघालं, "मजा येते." एवढं पोचट वाटलं! पैसा खातो म्हटलं असतं तरी त्यांना जास्त पटलं असतं.
त्यांनी बोर्डावरून हात फिरवला. "तीन महिने. दोघं दोन गावाले बसून." मग म्हणाले की डिग्या घरी बोलत नाही. बायांसंग कापूस वेचाले जाते, सांजच्याले येते, जेवते, झोपते. मायनं विचारलं तरी नाही. मी विचारलं फॉर्मचं. त्यांनी ऐकलं असेल. उलट मलेच विचारलं:
"तो जिंकून राह्यला होता का?"
"हो."
"किती घरं राह्यली होती?"
"अकरा."
त्यांनी बोटानं शेवटची अकरा घरं मोजली, एक-एक. अकोल्यावर बोट ठेवलं. मग चिंचोका उचलून कोटाच्या खिशात टाकला, बोर्डाची गुंडाळी केली, पिशवीत बसत नव्हती तर काखेत घेतली. "नेतो हे." मी नको कसं म्हणू? आईनं चहा केला होता, कपात साय आली. बाबा बाहेर आले तोवर आबा अंगणाच्या फाटकापाशी होते. बाबा फक्त म्हणाले, गाडी पाच पंचावन्नची आहे, सांगितलं का त्यांना? नव्हतं सांगतलं. पळत गेलो. कोपऱ्यापर्यंत दिसले नाहीत.
काहून नेला असेल? मामांना दाखवायले, का डिग्याले, का चुलीत...

८ डिसेंबर, सोम.
फॉर्मचा शेवटचा दिवस. शाळेत लक्ष नव्हतं. अमरावतीले शाळेचं ऑफिस पाचले बंद होते. चांदूर बाजारहून पहिली मोटर निघाली तर दहापर्यंत पोचते, मामांची सही लागते, फोटो लागतो. पाच वाजून गेले. झालं असेल तर झालं. आज वसंता शाळेत गेला असेल, त्यानं पाह्यलं असेल, रात्री पत्र लिहील, उद्या टाकील.
बुधवारच्या आधी नाही.