उन्हाकडची बाजू

१४ मार्च, शनिवार

चि. छोटीस,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईची भूक चांगली, झोप चांगली, कान गेलेले, डोळे निम्मे गेलेले आणि हट्ट शाबूत. तुझा नवरा आणि त्याची पाठदुखी, दोघंही ठीक असतील असं धरून चालते.

पत्र बघून हसशील. पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदाला मधेच "ताई, ऐक ना" म्हणता येत नाही, म्हणून हा उद्योग.

तुझा निरोप मिळाला. महिनाअखेर येऊन आईला कायमची तुझ्याकडे नेणार म्हणतेस. "ताई, तू आता दमली असशील." किती गोड! बाबा गेले तेव्हापासून मी दमतेच आहे, पण बातमी तुझ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, शहर मोठं आहे तुझं. तरी या महिन्यात येऊ नकोस. जिन्याचा कठडा हलतोय. वरच्या खोलीला रंग काढलाय, पाय ठेवायला जागा नाही. शिवाय माझ्यामागे शाईचं लफडं लागलंय.

तेच आधी सांगते. बाबांचा स्टुडिओ आता नुसतं छपाईचं दुकान झालाय. लोक जुने ब्लॅक-अँड-व्हाइट फोटो आणतात, मी ते स्कॅन करून नव्याने छापते. प्रत्येकाला आजोबा "कायम टिकणारे" हवे असतात. जिवंतपणी म्हाताऱ्याला टिकवायला कोणी फिरकलेलं नसतं, तो भाग वेगळा.

तुला वाटत असेल काळं छापायला काय लागतं? सगळ्यात अवघड तेच. साधा प्रिंटर करडा रंग करतो तो निळा, गुलाबी, पिवळा कालवून. ती शाई असते डाय, म्हणजे चहात साखर विरघळावी तसा पाण्यात विरघळलेला रंग. ऊन लागलं की तिघांतला एक आधी पळ काढतो, आणि कालचे करडे आजोबा आज हिरवे दिसतात. टिकते ती कार्बनची शाई. मूळची काजळीच ती, तिचं आणखी काय काळं होणार? पण ती महाग, आणि नळ्यांत अडकून बसते.

गेल्या वर्षी एक शाईवाला आला. "ताई, डायच आहे, पण पाऊणशे वर्षं हलणार नाही. लिहून देतो." मी म्हटलं, पाऊणशे वर्षांनी तक्रार घेऊन गिऱ्हाईक येणार आणि ऐकून घ्यायला तू बसलेला असणार, वा! तेव्हापासून त्याचं नाव पाऊणशे. पण बाटल्या ठेवून घेतल्या. असल्या शाईची परीक्षा सोपी असते. एक प्रिंट काढायचा, अर्धा काळ्या पुठ्ठ्याने झाकायचा, उन्हाच्या काचेला चिकटवायचा आणि विसरून जायचं. पुठ्ठा काढला की शाईचं चारित्र्य कळतं.

परीक्षेला पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सगळ्या छटा असलेला फोटो लागतो. मी आपला घेतला. बाबांनी काढलेला, आई काळ्या कोटात खुर्चीवर मधोमध, दोन्ही बाजूंना आपण दोघी. सारखे पांढरे फ्रॉक, सारख्या वेण्या, सारखेच पडके दात. कुठली बाजू झाकायची ते शाईला सारखंच असतं. मी माझी झाकली.

वर्षभराने पुठ्ठा काढला. पाऊणशे खोटारडा निघाला, हे वेगळं सांगायला नको. माझी बाजू कोरी करकरीत. तुझी बाजू साबणाच्या पाण्यासारखी हिरवट, नाकडोळे नुसते सुचवल्यासारखे. रेघ बरोबर आईच्या नाकावरून गेलेली. अर्धी आई माझी, अर्धी तुझी.

तो टाकायचाच होता. पण आई डोळ्यांच्या डॉक्टरकडून परतताना दुकानात टेकली आणि टेबलावरचा फोटो तिने उचलला. म्हणाली, "माझ्या पोरी!" तो तिच्या पलंगासमोर लावावा लागला. तिथे दुपारचं ऊन येतं. मी काच बसवली नाही.

मग रोजचं सुरू झालं. "ही अशी गं का दिसते?"

"आजारी आहे," मी तिच्या कानाशी ओरडायची.

"औषध घेते ना?"

"घेते."

"आज कशी आहे?"

"कालच्यासारखीच."

तुझा फोन आला की तिला ऐकू येत नाही, असं मी तुला सांगत होते. ते खरंच आहे. फोन तिच्या कानाला कधी लावला नाही, हेही खरं आहे.

रंगबिंग काही काढलेला नाही. कठडाही घट्ट आहे.

तुझा निरोप आला त्या दिवशी मी वर गेले. आईने सवयीने फोटोकडे बोट केलं, "आज कशी आहे गं?" मी म्हटलं, "गेली."

हो, तुलाच मारलं. तू न्यायला येणार होतीस. म्हटलं, न्यायला येणारीच उरली नाही की प्रश्न मिटला.

आईने डोळे पुसले. एकदाच पुसले, मी बघत होते. मग म्हणाली, "बिचारी मोठी. सुटली. तोंडाची फटकळ होती, पण कामाला वाघ."

मला वाटलं, चुकून म्हणाली. मी ओरडून सांगितलं, "आई, मोठी मी आहे!"

ती हसली. "चल, वेडे! मला फसवतेस? ही बघ ना तू, कशी ठसठशीत दिसतेस. माझी छोटी कधी फिकी पडेल का?" आणि माझा हात ओढून गालाला लावला. लगेच सोडला. "हाताला शाईचा वास कसला येतोय? तो मोठीच्या हाताला यायचा मेला."

त्या दिवसापासून मी वर जाताना साबणाने हात घासते. कातडं निघतं, पण वास जातो. आई माझे केस विंचरते. अर्धं बिस्किट मोडून माझ्या तोंडात घालते. मोठी कशी आल्यागेल्यावर खेकसायची, तिच्याशी बोलताना कसा जीव मुठीत धरावा लागायचा, हे मला कानात सांगते. मी तुझ्यासारखी हसायला शिकतेय. वरच्या पट्टीत सुरू करायचं आणि मधेच सोडून द्यायचं, इतकंच आहे ते. एवढ्याशा गोष्टीवर तू आयुष्यभर निभावलंस!

आता तूच विचार कर. तू दारात उभी राहिलीस, तर तिला वाटणार गेलेली मोठी परत आली. तिचं काळीज धड नाही, भीतीने काही झालं तर? आणि समजा काही झालं नाही. मोठी परत आली म्हणून ती फारशी खूश होणार नाही, छोटी. मला माहीत आहे ते. मी समोर बसून ऐकलंय.

आणि न्यायचं म्हणतेस, तर कोणाकडे? छोटीकडेच ना? छोटीकडेच आहे ती.

कालपरवा म्हणाली, "ती फिकी बाजू कापून टाक गं, बघवत नाही." मग नवा प्रिंट काढला, आई आणि मी, एवढाच. कार्बनच्या शाईत, आणि या खेपेला काचही बसवली. तो आपल्या सगळ्यांना पुरून उरेल.

जुन्यातला कापलेला तुकडा सोबत पाठवते आहे. अंधारात ठेव. थोडीशी उरली आहेस.

आईची,
छोटी